साहेबांना जेवणाचं आमंत्रण

झिंक ऑक्साइडच्या कारखान्यात हौसाबाई एकटीच पोती भरायची. जोडीदारीण खोकून खोकून घरी बसली होती. आपलीही तीच गत होणार म्हणून हौसाबाईने मास्क आणि धूळ ओढणारा पंखा मागितला.

मॅनेजर देवस्थळी नाकाला रुमाल लावून दारातूनच म्हणाले, "अहो बाई, ही पावडर बाळाच्या मलमात घालतात! हिनं काय होतंय?"

"खरंच की! मग साहेब, आजचा डबा इथंच उघडा. शेजारी बसून जेवू. मलाही कधी नव्हे ती सोबत होईल."

साहेबांचा रुमाल हटेना, पाय आत पडेना. मागे मुकादम फिसकन हसला.

आठवड्यात पंखा बसला, मास्कही आला. त्याच्याआड हौसाबाई आता स्वतःशीच बोलते, पण छाती शाबूत ठेवून, खणखणीत बोलते.