परीक्षकांचं श्रीखंड

तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरून येणारे टिळेकर सर भल्याभल्यांना रडवत. गिरिजाची पाळी आली. प्रयोगशाळेतल्या पंख्याची खडखड फूरिए रूपांतराने, म्हणजे आवाजातल्या लयी सुट्या करणाऱ्या गणिताने, तपासायला तिने पंख्याच्या एकेका फेरीत आवाजाचे कितीतरी नमुने घेतले होते.

सर तिचे आकडे पाहून म्हणाले, “काय ही उधळपट्टी! फेरीला एक नमुना पुरे. हे बघ, तुझ्यातले तेवढेच ठेवून आलेख काढला, तर रेघ सरळ आली. पंखा ठणठणीत आहे. करू नापास?”

गिरिजाने वर पाहिलं. डोक्यावर पंखा खडखडतच होता.

“सर, तुम्ही वर्षातून एकदा, परीक्षेलाच येता. दर वेळी आमच्या मेसमध्ये श्रीखंड-पुरी असते. म्हणून आम्ही रोज श्रीखंड खातो म्हणायचं का?”

सरांनी पेन खाली ठेवलं. “मग रोज काय असतं?”

“पाण्यासारखी आमटी.”

सर खो खो हसले. पैकीच्या पैकी मार्क देऊन ते शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांकडे वळले.

“पुढच्या वेळी न कळवता येईन हं. जेवायलाच!”