जोमाने उघडलेली फळी

वेळशेत बंदरातल्या जोमाची गोष्ट अख्ख्या किनाऱ्यावर आमच्याइतकी खरी कुणी सांगत नाही. म्हणजे निम्मी खरी आहे. उरलेली निम्मी मात्र जास्त चांगली आहे.

फार वर्षांपूर्वी, लाकडी होड्या जाऊन फायबरच्या नुकत्याच आल्या होत्या तेव्हा, या बंदरात एक मोठं शहाणपण होतं. नारळी पुनवेला झेंडूचं तोरण लावायचं ते होडीच्या मागच्या फळीला, जिच्यावर मशीन, म्हणजे होडीचं इंजिन, टांगतात तिला. आणि दोऱ्याने बांधलेलं तोरण देवाला दिसत नाही अशी गावच्या पाटलांची समजूत, म्हणून दर वर्षी नवा खिळा. पाटलांच्या होडीची मागची बाजू साळिंदरासारखी दिसायची. कुणी हसलं तर पाटलांना ते कौतुक वाटायचं.

जोमा हा होड्यांचा वैद्य. लाकडी हातोडीने फळी ठोकायचा, कान लावायचा, आणि फळी त्याच्याशी बोलायची असं म्हणतात. माणसं सहसा बोलत नसत, कारण तो उत्तरं फार खरी द्यायचा.

एकदा पुनव तोंडावर आली असताना चांगुणाबाईने त्याला बोलावलं. तिचा नवरा गेलेला. मागे एक होडी आणि दोन पोरगे, दोघेही त्याच होडीवर. जोमाने फळी ठोकली. ‘ठण्’ यायचं तिथे ‘भद्द’ आलं.

“वैनी, फळी मेली आहे.”

“अरे, चकचकीत तर दिसते!”

“मेलेल्याला पावडर लावली म्हणून तो जेवायला उठतो का? फुलं देवाची होती, भोकं तुमची. भोकांतनं पाणी मुरलं, फायबरच्या आतलं लाकूड कुजलं. मशीन जोरात पळवलं की फळीसकट तळाला जाईल. मग पोरं लाटांच्या हवाली.”

पाटील धावत आले. “चांगुणे, नवऱ्याच्या हातचे खिळे उपटतेस? देव कोपेल, बंदर बुडवशील!”

चांगुणाबाई खिळ्यांकडे बघत राहिली. खिळे नवऱ्याचे होते खरे. पण पोरंही त्याचीच होती.

“काप,” ती म्हणाली.

जोमाने आतल्या बाजूने फायबर कापलं. लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं हातात आलं. त्यातून एक खेकडा निघाला आणि झोपमोड केल्याबद्दल रागावून गेला असं म्हणतात. मग जोमा ताडपत्री बांधून नुसता बसून राहिला. ओल्या लाकडावर रेझिन, म्हणजे फायबरचा चिकट रस, धरत नाही. बाहेर श्रावण कोसळत होता, गाव टिंगल करत होतं. शेवटी उन्हालाच लाज वाटली. ते तेवढ्या ताडपत्रीखाली शिरलं आणि होडी सुकवून गेलं.

मग नवं प्लायवूड बसलं. त्यावर काचधाग्याच्या मॅटचे थर, प्रत्येक थरातला बुडबुडा रोलरने दाबून काढलेला. मशीनच्या बोल्टांची भोकंसुद्धा रेझिनने आतून बुजवून मगच बोल्ट घातले. पॉलिश पेपर फिरला, वर पांढरा जेलकोट चढला. फळी अशी उजळली की बायका तिच्यात बघून कुंकू लावायला लागल्या, आणि एक बगळा स्वतःशीच भांडून थकला.

पुनवेनंतर होड्या बाहेर पडल्या आणि वादळ उठलं. पाटलांनी मशीन ताणलं मात्र, फळी, मशीन आणि सगळे खिळे एकदमच देवाच्या पायाशी गेले. होडीत पाणी भरलं. चांगुणाबाईच्या पोरांनी आपल्या नव्या फळीला बांधून दोर टाकला आणि पाटलांना ओढायला सुरुवात केली. दोर कुठेतरी खडकात अडकला, पण नवी फळी हटेना. तेव्हा अख्खी खाडीच वीतभर सरकली असं म्हणतात. खाडीने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

जोमा पुढे मेला की नाही यावर गावात एकमत नाही. म्हणतात, एका सकाळी त्याने कुठल्याशा होडीची फळी ठोकली, तर आतून कुणीतरी उलट ठोकलं. कोण आहे ते बघायला तो आत गेला.

आजही वेळशेतात तोरण दोऱ्यानेच बांधतात. होडी पाण्यात लोटण्याआधी घरातली बाई मागच्या फळीवर हातोडी मारते, कान लावते आणि म्हणते, “जोमा, बोल.” भद्द आवाज आला तर होडी वाळूवरच राहते.

पाटलांचा नातू दर वर्षी पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो, “ही रीत आमच्या आजोबांनी घालून दिली.”

चांगुणाबाईची नात फळीवरचा कान न काढता म्हणते, “हो का रे? मग आजोबांच्या होडीची फळी कुठे ठेवलीत, ती दाखव की पाहुण्यांना!”