राखेखालचा निखारा

शके सतराशे दहा, पौष महिना. थंडी अशी, की रांजणातलं पाणी हाताला चावायचं. त्या हिवाळ्यात एका डोंगरवाडीत घोंगड्या विणणारा एक माणूस राहत होता. त्याला सात वर्षांची एक मुलगी.

तेव्हा काडीपेटी नव्हती. चूल विझली की शेजारून विस्तव आणायचा. "मी आणणार," मुलगी हटून बसली.

ओढ्यापलीकडच्या शेजारणीने खापरात निखारे घालून दिले. मुलगी पळत सुटली. वाऱ्याने निखारे फुलले आणि घरी येईतो त्यांची राख झाली. दुसऱ्या दिवशी तिने वर झाकण घातलं. निखारे गुदमरून मेले.

शेजारीण बापाला म्हणाली, "अरे, पोरीला समोर बसवून शिकव की. माझा किती विस्तव वाया घालवणार?"

निखारा कसा जपायचा, ते बापाच्या जिभेवर होतं. ते त्याने गिळलं. "आक्का, तिने विचारलं की सांगेन."

"मग तोवर शिळी भाकरी चाव."

त्याने चावली.

एके सकाळी मुलगी धापा टाकत आली. "बाबा, धनगर रात्रीच शेकोटी सोडून गेले. मी राख उकरली, तर आत निखारा जिवंत! विझला कसा नाही?"

बापाचा माग थांबला. याच प्रश्नाची तो वाट पाहत होता. "राख म्हणजे त्याचं घोंगडं. वारा लागत नाही, पण श्वासापुरती हवा मिळते, म्हणून तो सावकाश जळतो."

मग काय! पोरीने आंबा, बोर, बाभूळ, गोवरी, सगळ्यांचे निखारे राखेत पुरून पाहिले. बाभूळ जिंकली. त्यानंतर त्या घरची चूल विझली नाही.

महिना सरता सरता गारांचं वादळ आलं. शेजारणीचं छप्पर गळलं, चूल भिजली. घरात तिची लेक ओली बाळंतीण, आणि शेगडी विझलेली. शेजारीण भिजत दारात आली. "विस्तव दे रे. बाळ गार पडतंय."

बापाने निखारे खापरात भरले, राखेने झाकले आणि दाराकडे झेप घेतली.

"बाबा, पळायचं नाही," मुलगी म्हणाली. "राख उडेल. मला द्या."

बाहेर निसरडे दगड. पलीकडे तान्हा जीव. बापाची मूठ खापरावर आवळली. मग सुटली. खापर त्याने पोरीच्या हातात दिलं, खुंटीवरचं घोंगडं ओढलं आणि तिच्या डोक्यावर धरलं.

गारा त्याच्या पाठीवर तडातड फुटत होत्या. ती जपून पाऊल टाकत होती. तो तिच्या पावलाने चालत होता.

शेजारणीच्या घरी तिने राख बाजूला सारली. आत बाभळीचा निखारा, लालबुंद. शेगडी पेटली. थोड्या वेळाने बाळ खणखणीत रडलं.

"आत्या," मुलगी म्हणाली, "तुमचा विस्तव परत."

तात्पर्य: लेकराच्या हातातलं खापर ओढू नये. वर घोंगडं धरावं.