एका गाडीत मावलेलं घर

एकदा गुळाचा एक व्यापारी घर हलवायला निघाला. शिवलिंगशेट त्याचं नाव. दोन वर्षं ऊस नीट झाला नव्हता, गुऱ्हाळं थंड पडली होती, तेव्हा घाटापलीकडच्या पेठेत जाऊन नव्याने उभं राहावं असं त्यानं ठरवलं. पेठेत भाड्याचं घरही मिळालं. अडचण होती ती गाडीभाड्याची. घाटाच्या चढणीला प्रत्येक गाडीला जादा बैलजोडी लावावी लागे, आणि तिचे पैसे वेगळे. दोन गाड्या केल्या तर दुकान मांडायला ठेवलेलं भांडवल वाटेतच संपणार. म्हणून शेट दिवसभर घरात हिंडून प्रत्येक वस्तूकडे बघे आणि पुटपुटे, "हे न्यायचं. हे विकायचं. हे टाकायचं."

शेटची बायको नीलाक्का. लग्नानंतर थोड्याच वर्षांत देवीच्या साथीत तिची दृष्टी गेली होती. पण ती गोष्ट गाव विसरून गेलं होतं, इतकी ती घरात सहज वावरे. विहिरीवरून पाणी आणी, दळण दळी, भाकरी अशी गोल थापी की पाहुणे जेवून, पान खाऊन निघून जात आणि त्यांच्या ध्यानातही येत नसे. फार काय, शेटच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. तो बाहेरून आला की म्हणे, "अगं, बघ बरं, माझी टोपी कुठे पडलीय." आणि ती काढून देई.

गावाच्या कडेला मठ होता. तिथल्या वृद्ध सत्पुरुषाला सगळे अज्जा म्हणत. दर सोमवारी अज्जा शिष्याला घेऊन भिक्षेला येत. त्या सोमवारी नीलाक्कानं झोळीत जोंधळे घातले, एक दाणा खाली पडला नाही, पण ती दारातून हलेना.

"काय गं पोरी?" अज्जांनी विचारलं.

"अज्जा, इथे मला दिसतं," ती म्हणाली. "तिकडे दिसणार नाही."

 ती पुढे म्हणाली, "तिकडे मी भिंतीला टेकून बसायचं. कुणी दिलं तर पाणी, कुणी नेलं तर अंगणात. यांना सांगू नका हो. आधीच धास्तावलेत. त्यात माझं ओझं गाडीत कुठे घालतील?"

"उद्या येतो," अज्जा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अज्जा आले ते शेटला म्हणाले, "शिवलिंगा, तुझं घर मी एका गाडीत बसवून देतो. पण काय न्यायचं ते मी ठरवणार."

शेटला आनंद झाला. पण अज्जा माजघर बघेनात, भांड्यांची फळी बघेनात. सरळ स्वयंपाकघरात जाऊन कोपऱ्यात बसले, आणि नीलाक्का कामाला लागली तशी नुसते तिच्या हातांकडे बघत राहिले. सकाळ गेली. शेट दोनदा डोकावून गेला. शेवटी शिष्याला बाजूला घेऊन म्हणाला, "अहो, यांना भूक लागली असेल तर सांगा, वाढतो. पण गाडीवाला यायचाय!"

जेवणं झाल्यावर अज्जांनी एक लांब दोरी मागितली. एक टोक चुलीपाशी शिष्याच्या हातात दिलं आणि स्वतः दुसरं धरून चालू लागले. रांजणापर्यंत गेले, म्हणाले, "गाठ मार." जात्यापर्यंत गेले, "गाठ मार." शिष्य गाठी मारी आणि मनात म्हणे, म्हातारपणी माणसाचं असंच होतं.

मग गाडी भरायला लागले, तेव्हा मात्र शिष्याला राहवेना. अज्जांनी पितळेची समई बाजूला ठेवली. तांब्याचं घंगाळ, शिसवी पेटी, पितळी हंडे, सगळं म्हणाले, "इथेच विकून टाक." आणि गाडीत काय घातलं? तोंड फुटलेला रांजण. उंदरांनी कुरतडलेली धान्याची कणगी. कड उडालेला पाट. झिजलेलं जातं, उखळ, आणि ज्याच्यावर मिठाची बरणी राहायची ते ओबडधोबड लाकूड.

गाडीवान हसनभाई बैल सोडून बघतच राहिला. "शेटजी," तो म्हणाला, "घर नेताय का उकिरडा? माझ्या बैलांना लाज वाटंल घाट चढताना."

"तुझ्या बैलांना बोलता येतं, हे माहीत नव्हतं," अज्जा म्हणाले.

शिष्य हळूच म्हणाला, "अज्जा, जातं पेठेत नवं मिळेल. याचं नुसतं वजनच आहे."

"हंडासुद्धा मिळेल," अज्जा म्हणाले. "पितळ कुठल्याही गावात पितळच असतं. उचल."

शेटच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण शब्द दिला होता, आणि गाडी खरोखर एकच लागली होती. अज्जा आणि शिष्य गाडीबरोबर पुढे गेले. पेठेतून माल घेऊन आलेली एक गाडी मागून रिकामीच पेठेला परतणार होती. तिच्यातून दुसऱ्या दिवशी शेट आणि नीलाक्का थोडक्या पैशांत यायची होती.

नव्या घरी अज्जांनी पहिल्यांदा चूल बघितली. तिथून दोरी धरली आणि गाठीगाठीवर एकेक वस्तू ठेववली. रांजण डाव्या हाताला. जातं त्याच्या पुढे. मिठाचं लाकूड चुलीच्या उजवीकडे. दार जुन्या घरापेक्षा जरा लांब पडत होतं, तर तिथे कणगी अशी लावली की आत येणाऱ्याचा हात मोकळा सुटू नये. एक वस्तू वीतभर चुकली तरी पुन्हा हलवायला लावत. शिष्याचे खांदे भरून आले. घरात सगळा तो मोडका पसारा. बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच कुणीतरी घर सोडून गेलंय.

दुसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर, शेटची गाडी आली. शेजारच्या बाया जमल्या होत्या. नवं बिऱ्हाड कोण म्हणून बघायला कोण येत नाही? "आंधळी आहे म्हणे," एक कुजबुजली. "अरेरे, आता कसं व्हायचं बाई हिचं!" दुसरी हात धरायला पुढे झाली.

"धरू नका," अज्जा म्हणाले.

नीलाक्का उंबऱ्यापाशी थांबली. परका वास, परकी भिंत. तिचा चेहरा आक्रसला होता. तिनं एक पाऊल आत टाकलं आणि हवेत हात पुढे केला. तो कणगीला लागला. कुरतडलेल्या कडेवर बोटं फिरली. ती तशीच उभी राहिली. मग हात पुढे सरकला, आणि रांजणाच्या फुटक्या तोंडावर गेला. 

पुढे जे झालं ते शिष्यानं आयुष्यभर सांगितलं, आणि सांगताना दर वेळी त्याचा आवाज खाली आला. ती बाई चालायला लागली. चाचपडत नाही, चालायला. जात्याला वळसा घातला, पाट पायानं ओढला, चुलीपुढे बसली. "दूध आणलंय का कुणी?" तिनं विचारलं. नव्या घरी दूध उतू घालायचं असतं. शेजारणीनं धावत जाऊन आणलं. नीलाक्कानं चूल पेटवली, भांडं चढवलं आणि कान देऊन बसली. दुधाचा आवाज पातळ होता तो जाड झाला. तिनं हात जोडले, आणि त्याच क्षणी दूध वर आलं आणि चारी बाजूंनी उतू गेलं.  एका म्हातारीनं दारातूनच नमस्कार केला. चुलीला केला की नीलाक्काला, ते तिलाच ठाऊक.

शेट उंबऱ्यातच उभा होता. मग त्यानं डोळे मिटले आणि आत चालायला लागला. तिसऱ्याच पावलाला जात्यावर नडगी आपटली.

"अहो, जातं आहे तिथे!" नीलाक्का म्हणाली. "दिसत नाही का?" आणि ती हसली. घाटापलीकडे जायचं ठरलं त्या दिवसापासून ती हसली नव्हती.

शेट खालीच बसला. "अज्जा," तो म्हणाला, "मी विसरलोच होतो. माझ्या घरात राहून मी विसरलो."

अज्जा म्हणाले, "शिवलिंगा, काटकसर करायला निघालास त्यात पाप नाही. पण तू प्रत्येक वस्तूला एकच विचारलंस, बाजारात तुझं काय येईल? मी तिला विचारलं, तू गेलीस तर कोण पडेल? रांजणाला मोल नव्हतं, कारण ती मोलाची वस्तूच नव्हती. ते या पोरीचे डोळे होते. गाडीभाडं वाचवताना तू तेच उकिरड्यावर टाकणार होतास, आणि जन्मभर तिचा हात धरायला माणूस ठेवून पैसे भरणार होतास. पैसा वाचवावा. पण काय वाचवायचं ते आधी ठरवावं, मग किती वाचलं ते बघावं."

शेटनं मान खाली घातली. बायका एकेक करून घरी गेल्या. नीलाक्कानं भात टाकला, आमटी केली, पानं मांडली. अज्जा, शेट आणि शिष्य जेवायला बसले.

बाहेर सूर्य बुडाला. घरात काळोख दाटला, आणि शिष्याच्या लक्षात आलं की दिवा लावायचं कुणालाच सुचलेलं नाही. तो बोलायला निघाला, तोच अज्जांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

अंधारात बांगड्या वाजल्या. ताटाच्या कडेला दोन बोटं लागली, मग पळी आली, आणि गरम आमटी भाताच्या अगदी मधोमध पडली. शिष्यानं काहीच न दिसणारे डोळे उघडे ठेवले आणि पहिला घास घेतला.