सुटलेला ग्लू

एकदा एका वृद्ध नेत्रवैद्यांकडे एक शिष्य विद्या शिकत होता. हात सफाईदार, पण धीर थोडा. त्या वयात तो असतो कुणाला? गोजराबाईंचा मोतीबिंदू त्यानेच काढला आणि बुबुळावरचा सूक्ष्म छेद टाका न घालता डोळ्यासाठीच्या खास ग्लूच्या एका थेंबाने बंद केला.

बाईंच्या सोबतीला लेक कमळ सुरतेहून आली होती, सहा वर्षांनी. घरी आजारी सासू, म्हणून रजा चारच दिवसांची. पण बाई रोज तपासणीला येऊन सांगत, डोळ्यात टोचतंय. बिचारीने रजा वाढवली. आठव्या दिवशी, दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढलेलं असताना, बाईंचं पुन्हा तेच पालुपद! शिष्याने यंत्रातून पाहिलं. ग्लू जागेवर नव्हता. त्याने घाईघाईने ग्लूची नवी नळी काढली.

गुरूंनी त्याचा हात धरला. डोळ्यात गळती दाखवणारा पिवळा रंग घालून छेद निरखला. कुठे टिपूसही झिरपत नव्हता. मग औषध लिहिण्याऐवजी त्यांनी भलतंच विचारलं, "बाई, लेक कधी निघतेय?"

शिष्याला काही उमगेना. बाईंनी मात्र मान खाली घातली.

"उद्या. डोळा कधीच बरा झालाय, डॉक्टर. बरा झाला म्हटलं की ही जाणार. इतक्या वर्षांनी लेक नीट दिसली, ती डोळे भरून बघायच्या आतच निघाली."

कमळने आईचा हात घट्ट धरला.

गुरू शिष्याकडे वळले. "ग्लू जखम भरत नाही रे. तो नुसता धरून ठेवतो. भरतो तो डोळाच. डोळ्याचं काम झालं की त्याने सुटायचंच असतं. तू पुन्हा लावला असतास, तर धडधाकट डोळ्याला उगाच त्रास झाला असता."

शिष्याने नळी खाली ठेवली. बाई लेकीला म्हणाल्या, "उद्याच्याच गाडीने जा. तिकडे तुझी वाट बघत असतील."

आणि काळा चष्मा काढून त्यांनी गुरूंना विचारलं, "आजचा दिवस हिला अशीच बघत बसले, तर चालेल ना?"