वाटेकऱ्याची हाळी

एका राज्यात लांडगे मोजून सात उरले होते, आणि राजाला वाटत होतं की सातही फार झाले.

राजाचं नाव शूरमर्दन. नाव मोठं, पण त्याने जन्मात एकही लढाई केली नव्हती. शेजारचे राजे त्याच्याकडे फिरकतच नसत, मग शौर्य दाखवायचं कुणाला? ते त्याने माळावरच्या लांडग्यांना दाखवायचं ठरवलं. त्याच्या पदरी काळजिभ नावाचा मांत्रिक होता आणि मांत्रिकापाशी एक काळं शिंग होतं. दर बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, काळजिभ वेशीबाहेर उभा राही आणि शिंग फुंकी. शिंगातून एका बाईची हाळी निघे. ती ऐकून एक लांडगा माळावरून चालत येई, मांत्रिकाच्या पायाशी बसे आणि बसल्या जागी मरून जाई. लोक टाळ्या पिटत. राजा सज्जातून हात हलवी.

ती हाळी म्हाकूबाईची होती.

म्हाकूबाई मेंढपाळीण होती. तिच्या लोकांची एक रीत होती. कळपात साल सुरू झाल्यावर पहिलं जे कोकरू जन्मेल ते माळावरच्या सपाट धोंड्यावर ठेवायचं आणि हाळी द्यायची, "वाटेकऱ्या, ये. तुझा वाटा घेऊन जा." लांडगा येई, वाटा नेई आणि वर्षभर कळपाकडे सहसा वळत नसे. वळला तरी कुणी बोंब मारत नसे. लांडगा चोर नव्हे, वाटेकरी आहे, असं मेंढपाळ मानत. पण एका साली लांडग्यांनी म्हाकूबाईची अकरा मेंढरं फाडली. ती ऊर बडवत बसली असताना काळजिभ तिच्या पालापाशी आला आणि गोड बोलून म्हणाला की बाई, तुझी हाळी तेवढी मला दे, पुढचं मी बघतो. रागाच्या भरात तिने शिंगाला तोंड लावलं आणि हाळी आत सोडली. रागात माणूस काय देऊन बसतो, ते त्याला फार उशिरा कळतं.

लांडगे मरू लागले तसा माळाला शाप लागला. मरायला टेकलेली हरणं मरेनात. पाय मोडलेली, डोळे गेलेली, अंगभर खरूज उठलेली हरणं माळभर हिंडत राहिली. त्यांनी गवताची मुळंसुद्धा खाल्ली. मग ती मेंढरांत घुसली आणि खरूज मेंढरांना लागली. राजवैद्य म्हणाला, हवा बदलली आहे. राजा म्हणाला, सात लांडगे अजून जिवंत आहेत ना, त्यांचाच हा दोष.

तेव्हा म्हाकूबाई दरबारात गेली आणि शिंग थांबवा म्हणून पदर पसरून उभी राहिली. त्या राज्यात राजाच्या हुकुमाविरुद्ध बोलणाऱ्याला तीन कामं करून दाखवावी लागत. तिने कबूल केलं. एवढंच विनवलं की कामं पुरी होईतो शिंग वाजू नये.

राजा म्हणाला, "फिर्याद चालू आहे म्हणून हुकूम थांबत नाही."

प्रधानाने मान डोलावली. प्रधानांना दुसरं काम तरी काय असतं!

पहिलं काम असं, की ज्याला कळप नाही, भीती नाही आणि लोभ नाही, असा साक्षीदार आणायचा. म्हाकूबाई माळभर हिंडली. ससा भीतीने बिळाबाहेर येईना. कोल्हा म्हणाला, मला काय मिळेल? शेवटी एक टिटवी तयार झाली. ती दरबारात आली, राजाच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज, माझी अंडी उघड्या जमिनीवर असतात. लांडगा त्यांना वळसा घालून जाई. हरणांच्या लोंढ्याला वळसा ठाऊक नाही. यंदा माझं एकही पिल्लू उडालं नाही." साक्ष मान्य झाली. पण ती मिळवण्यात तीन बाजार उलटून गेले होते. लांडगे चार उरले.

दुसरं काम असं, की लांडग्यांनी ज्यांची मेंढरं नेली अशा मेंढपाळांच्या सात तळांवरून एकेक मूठ लोकर आणायची, आणि ती देणाऱ्याने राजीखुशीने दिली पाहिजे. पहिल्याच तळावर तिच्या अंगावर कुत्री सोडली. दुसऱ्या तळावरच्या कारभारणीने तिला विचारलं, "हाळी कुणाची व्हती?"

"माझी."

"मग आता कशाला आलीस?"

म्हाकूबाई दोन दिवस तिथेच उन्हात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ती कारभारीण उठली, तिने एका मेंढीच्या पाठीवर नुसता हात ठेवला, तर मूठभर लोकर आपसूक हातात आली. खरजेने मेंढीचं कातडं उघडं पडलं होतं. "ने," कारभारीण म्हणाली, "आमच्या काय कामाची न्हाई." बाकीच्या तळांवरही तसंच झालं, आणि पहिल्या तळानेही शेवटी कुत्री बांधून ठेवली. म्हाकूबाई सात मुठी लोकर घेऊन दरबारात आली तेव्हा आणखी दोन बाजार सरले होते. राजाने लोकर पाहिली, नाकाला शेला लावला आणि काम मान्य केलं. तेवढ्यात बाहेर शिंग वाजलं, टाळ्या ऐकू आल्या. आता एकच लांडगी उरली होती.

राजाने तिसरं काम सांगितलं. "आरोपीला दरबारात हजर कर. जिवंत."

म्हाकूबाई माळावर आली आणि धोंड्यापाशी बसली. लांडगीला आणायचा एकच मार्ग होता आणि त्याच मार्गाने तिची सारी जात संपली होती. ती हाळी पुन्हा तोंडातून काढायची नाही, अशी म्हाकूबाईने शपथ घेतली होती.

टिटवी म्हणाली, "नको देऊस. लपू दे तिला."

"लपून किती दिस? म्होरल्या बाजारी शिंग वाजंल."

तिने शपथ मोडली आणि हाळी दिली. आवाज चिरकला, पण हाळी तीच होती. लांडगी आली. म्हातारी, हाडं निघालेली, कानाचा शेंडा तुटलेली. ती धोंड्यापर्यंत आली आणि तिने धोंडा हुंगला. त्यावर वाटा नव्हता. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हाकूबाई उठून चालू लागली, आणि लांडगी तिच्या मागोमाग निघाली.

दरबारात मानकरी खांबाआड झाले. काळजिभाने शिंग उचललं, पण राजाने त्याला थांबवलं आणि तो लांडगीला म्हणाला की तुला काय सांगायचं ते सांग. त्या राज्यात टिटव्या बोलत, ससे बोलत, कोल्हे तर फारच बोलत. पण लांडगे कधी बोललेले नव्हते. लांडगीने चहूकडे पाहिलं. मग ती पुढे गेली, बाकीचे लांडगे बसले होते तशीच मांत्रिकाच्या पायाशी बसली आणि मरणाची वाट पाहत तिने डोकं खाली ठेवलं.

राजाचा चेहरा उतरला. त्याने लांडग्याला मरताना नेहमी सज्जातून पाहिलं होतं, इतक्या जवळून कधीच नाही. त्याने विचारलं, "ही आली कशाला? तिचे सगे असेच गेले, हे तिला ठाऊक नाही?"

"ठावं हाय, महाराज," म्हाकूबाई म्हणाली. "पर हाळी आली की यायचं, असा आमचा आन् त्यांचा करार. त्यांनी तो पाळला. मोडला म्या. ज्या साली माझी अकरा मेंढरं गेली, त्या साली म्या कोकरू ठिवलंच न्हवतं. लई देखणं व्हतं, जीव झाला न्हाई. हे म्या आजवर कुणाला सांगितलं न्हाई. शिंगात हाळी सोडताना बी न्हाई."

राजा सिंहासनावरून उतरला. त्याने मांत्रिकाच्या हातातलं शिंग घेतलं आणि पायरीवर आपटून त्याचे दोन तुकडे केले.

शाप सुटला. आजारी हरणं माळावर जिथे होती तिथे खाली बसली आणि शांतपणे मेली. गिधाडं परत आली. आठ दिवसांत गवताला कोंब फुटले, मेंढरांच्या अंगावर नवी लोकर धरू लागली. शिंग फुटताच काळजिभाची मूठभर राख झाली होती, ती झाडूवाल्याने लोटून टाकली. लांडग्याला हात लावेल त्याला देशोधडीला लावू, अशी राजाने दवंडी पिटवली. लोकांनी दारांना तोरणं बांधली. आधी टाळ्या पिटणारेही हेच लोक.

पण लांडगी एकटी होती, आणि याला कुणापाशी उपाय नव्हता. सांगतानाही माझा जीव तुटतो. दवंडीने लांडगे जन्माला येत नाहीत.

रोज सांजावताना ती टेकाडावर चढे, तोंड वर करून आपल्या सग्यांना बोलावी, आणि मग थांबे. ते थांबणं गावाला सोसवेना. चार दिवसांनी राजा स्वतः म्हाकूबाईच्या पालाशी आला.

म्हणाला, "बाई, तुला तिचा आवाज काढता येतो, असं सांगतात. तू उत्तर दे. तेवढाच तिला धीर."

"येतो," म्हाकूबाई म्हणाली. "पर एकदा फसवलं तिला, महाराज. आता न्हाई."

राजा परत गेला. राज्यात सारं पूर्ववत झालं, असं बखरीत लिहिलं आहे. लांडगी त्यानंतर तीन वर्षं जगली, आणि रोज हाक घालून उत्तरासाठी थांबत राहिली.