निशाणातला राजाचा तुकडा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे किल्ल्यात बसून असत आणि त्यांचे हुकूम मात्र पायाला भिंगरी लावून गावोगाव हिंडत.

अशाच एका राज्याच्या टोकाला, उंच कड्यांवर, कडेकरी नावाचे लोक राहत. मध काढणं हा त्यांचा धंदा आणि भांडणं हा त्यांचा स्वभाव. मोहोळ कुणाचं, दोर आधी कुणी सोडला, यावरून रोज कुठे ना कुठे जुंपलेली असायची. पण त्यांची एक रीत होती. भांडण मिटवायचं तर दोघांनी चारचौघांत बसायचं आणि आपापली चूक सांगायची. फक्त आपली, दुसऱ्याची नव्हे! मग अंगावरच्या कपड्याचा एकेक तुकडा फाडायचा आणि गावाच्या निशाणाला जोडायचा. एकाने कापड धरायचं, दुसऱ्याने टाका घालायचा.

त्यामुळे कडेकऱ्यांचं निशाण दरवर्षी वाढत असे. त्यात लुगड्यांचे पदर होते, मुंडाशांच्या चिंध्या होत्या, आणि एक तुकडा तर चक्क लंगोटीचा होता. तो पोरांना दाखवून म्हातारे अजून पोट धरून हसत.

हे निशाण सांभाळायची भिवराबाई. तिची जीभ तिखट होती, पण सुईवरचा हात फार हलका. तिचा नवरा मध काढताना कड्यावरून पडून वारला होता. दोघं जन्मभर भांडली आणि दर वेळी त्यांनी मिटवलंही. निशाणाचा एक सबंध कोपरा त्या दोघांचाच होता. वारा पडला की भिवराबाई त्या कोपऱ्यावरून हात फिरवत बसे. नवऱ्याचं दुसरं काहीच तिच्याकडे उरलं नव्हतं.

एका वर्षी कडेकऱ्यांनी दरबाराला विनंती केली, की जत्रेत राज्याच्या पिवळ्या रेशमी निशाणाशेजारी आमचंही निशाण मानाने लावू द्यावं. दरबारात खूप खल झाला. पंडित म्हणाले, "निशाणाला ठरलेला रंग हवा, ठरलेलं माप हवं. हे तर दरवर्षी वाढतं. म्हणजे हे निशाण नव्हे, गोधडी आहे." प्रधान म्हणाला, "एका राज्यात दोन निशाणं म्हणजे एका म्यानात दोन तलवारी." राजा तरुण होता. तसा वाईट नव्हता, पण घाईचा होता. त्याने मान डोलावली आणि दवंडी पिटली गेली, की जत्रेच्या दिवशी ती गोधडी काठीवर दिसली तर जाळली जाईल.

कड्यावर रडारड झाली. भिवराबाई मात्र रडली नाही. तिने सुई-दोरा कनवटीला लावला, निशाणाची घडी डोक्यावर घेतली आणि निघाली.

"कुठं चाललीस, भिवरे?" गावच्या पाटलाने विचारलं.

"राजाशी भांडण झालंय न्हवं? मिटवाया चालले."

"अगं, तो राजा हाय! त्यो काय आपल्यातला हाय व्हय?"

"भांडाया चालतो, मग मिटवाया का न्हाई?"

कोणीही शहाणा माणूस तिला म्हणाला असता, की बाई, रीत कड्यावरची, ती दरबारात कशी चालेल? पण भिवराबाईला जगात दुसरी कुठली रीत असते हेच ठाऊक नव्हतं.

दरबारात तिने जमिनीवर बैठक मारली, पदराचा तुकडा टरकन फाडला आणि म्हणाली, "ये रं राजा, बस खाली. तुझा तुकडा काढ."

दरबार हादरला. प्रधान ओरडला, "हिला बाहेर काढा!"

राजाला हसू आलं. त्याने हात वर करून शिपायांना थांबवलं. "आजी, आमच्या शिंप्याकडून रेशमी तुकडा लावून देतो. वर मोहोर उठवू. झालं?"

"न्हाई झालं. अंगावरचाच लागतो. आन् आधी चूक सांगाया लागते. थांब, माझी आधी सांगते." भिवराबाई क्षणभर अडखळली. "दवंडी ऐकून म्या तुला लई वंगाळ शिव्या घातल्या. तुझ्या आईलाबी सोडलं न्हाई. तिचा काय गुन्हा? चुकलंच माझं."

कोणी हसलं नाही. म्हातारीचे डोळे भरले होते. तिने घडी उलगडली आणि तो एक कोपरा मुठीत घट्ट धरला.

"आता तू," ती म्हणाली.

"राजाची चूक नसते," प्रधान म्हणाला.

राजा ते उलगडलेलं निशाण बघत राहिला. किती टाके, किती हातांचे! मग तो सिंहासनावरून उतरला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"मी हे कधी पाहिलंच नव्हतं," तो हळूच म्हणाला. "न पाहताच जाळायला सांगितलं."

त्याने शेल्याचं टोक फाडलं. भिवराबाईने दोघांचे तुकडे निशाणाला लावून धरले आणि राजाने टाका घातला. वेडावाकडा घातला, बोटात सुईही टोचून घेतली.

पंडितांनी विचारलं, "महाराज, मग दप्तरी याचं माप काय लिहायचं?"

"लिहा, वाढतं," राजा म्हणाला.

भिवराबाईने सुई प्रधानापुढे धरली. तो तोंड फिरवून निघून गेला.

त्या वर्षी जत्रेत दोन्ही निशाणं शेजारी शेजारी फडकली. कडेकऱ्यांच्या निशाणाच्या काठाला एक दोरा मोकळाच लोंबत होता. पोरांनी विचारलं तर भिवराबाई म्हणे, "राहू द्या. प्रधान यायचा हाय अजून."

तात्पर्य: ज्याला आपली चूक सांगता येते, त्यालाच दुसऱ्याचं निशाण आपलं म्हणता येतं.